आयुष्य वाढवणारी बातमी

शनिवार, २९ मे १९९९
बदलापूर

युद्ध सुरू झालं आहे, पण त्याला युद्ध म्हणायचं नाही असं वरून ठरलं आहे. ‘कारवाई’ म्हणायचं. पाठशाळेत माझी उमेदीची वर्षं पर्यायी शब्द घोकण्यात गेली, त्यामुळे माझी हरकत नाही. तोफेला काय म्हणायचं ते अजून कळवलेलं नाही.

स्तंभ पाठवला. विषय असा: मुंबईच्या एका भारदस्त पेपरानं सीमेपलीकडच्या एका म्होरक्याची मुलाखत छापली आहे. ‘ते म्हणाले’, ‘ते किंचित हसले’. त्याच पानावर तळाशी आपला शिपाई: ‘तो ठार झाला’. माणसं मारणाऱ्याला अहोजाहो आणि मरणाऱ्याला अरेतुरे! अग्रलेखात वर उपदेश आहे की युद्धाला दोन बाजू असतात. असतात ना. पण त्यातली एक माझी आहे, आणि ती कुठली हे मला रोज सकाळी उठून ठरवावं लागत नाही.

कुंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘छान आहे. बारकू कुठं आहे ते लिहिलंय का?’’

‘‘ते कसं लिहीन? सैन्याच्या हालचाली छापू नयेत म्हणून तर मी गेल्या आठवड्यात लिहिलं.’’

‘‘छापू नका हो. मला सांगा.’’

मला कुठून कळणार? बारकू म्हणजे बारवी धरणाच्या वरच्या अंगाला जी ठाकरांची वाडी आहे, तिथल्या सुकऱ्याचा एकुलता एक मुलगा. इथल्या शाळेत होता तेव्हा मंगळवार-शनिवार आमच्याकडे जेवायचा. मी स्वतः पाठशाळेत सात घरी वार लावून वाढलेला. म्हटलं, आपणही दोन वार द्यावेत. दोन वर्षं जेवला, बदल्यात आमच्या विहिरीवरचा रहाट दुरुस्त केला, आणि माझ्याकडून संस्कृतचे शब्द चालवायला शिकला. ‘राम’ पहिल्यापासून बिनचूक. पुढे सैन्यात गेला. आता वर आहे. ‘वर’ म्हणजे नकाशात.


बुधवार, २ जून

धर्मराजांचा फोन. हे आमच्या दैनिकाचे मुख्य उपसंपादक. यमाचंही एक नाव तेच आहे, असं मी त्यांना एकदा गमतीनं म्हटलं होतं. ते हसले नव्हते.

‘‘मास्तर, तुमच्या भागातले सैन्यात किती आहेत? सगळ्यांचे फोटो आणि चार ओळी माहिती आणून ठेवा.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘तयारीत असावं. मागच्या आठवड्यात साताऱ्याचा एक गेला, दुसऱ्या पेपरात फोटोसकट आला. आपल्याकडे नुसती चौकट.’’

ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. पुढारी आजारी पडला की त्याचा मृत्युलेख जुळवून ठेवतात. तो बरा झाला तर आणखी एक परिच्छेद जोडतात. पण ते ऐंशी वर्षांचे पुढारी. ही बाविशीतली पोरं. मी म्हटलं, ‘‘घरच्यांना काय सांगू?’’

‘‘गौरव पुरवणी काढतोय म्हणा.’’

कुंदा हल्ली संध्याकाळी शेजारी उमाकडे टीव्हीवर बातम्या बघायला जाते. आपल्याकडे टीव्ही आहे. पण जेवताना तोफा नकोत म्हणून मी बंद ठेवतो. तिला एकाएकी राजकारणाची गोडी लागली आहे. चांगलं आहे. या वयात नवा विषय घ्यावा.


शुक्रवार, ४ जून

उल्हासनगरला परसराम तोलाणीच्या दुकानी फॅक्स करायला गेलो. दुकान फॅक्सचं, पण या आठवड्यात पुढे तिरंगी बिल्ले, तिरंगी पट्टे आणि छातीवर तोफ छापलेले बनियन. ‘‘मास्तरजी, देशभक्ती का सीझन है. घ्या एक, तुमच्यासाठी होलसेल.’’

पाकिस्तानचं टीव्ही केंद्र केबलवर दाखवायला सरकारनं बंदी घातली. मी तिचं स्वागत करणारा मजकूर घेऊन गेलो होतो. शत्रूचा भोंगा स्वतःच्या दिवाणखान्यात लावून घेणं याला उदारमतवाद म्हणत नाहीत, असं त्यात आहे. परसरामनं मशीनमध्ये कागद घालताना तो वाचला.

‘‘बरोबर लिहिलं साईं. बंदच पाहिजे होतं.’’ कागद सरकत होता. ‘‘फक्त काय ना, माझी अम्मा त्याच्यावर सिंधी नाटक बघायची. तिकडच्या आमच्या शिकारपूरची गल्ली दाखवायचे कधी कधी. ती बोलायची, हे बघ आपलं घर. आपलं नसायचं. पण बोलायची.’’

‘‘मग आता?’’

‘‘आता काय. बंद स्क्रीनसमोर बसते. केबलवाल्याला शिव्या घालते. सरकारला घालत नाही हां, लिहून घ्या.’’

मी लिहून घेतलं नाही. मजकूर गेलाच होता. तो मागे घ्यावा असंही मला वाटलं नाही. पण येताना वरच्या मजल्यावर जाऊन अम्मांशी दोन शब्द बोललो. त्यांनी मला ओळखलं नाही, चहा मात्र दिला.


रविवार, ६ जून

वाडीवर गेलो. सुकऱ्या आणि चंद्री दोघं कुडाच्या भिंतीला शेण लिंपत होती. चंद्रीनं हात धुतले, घोंगडी झटकून टाकली.

‘‘बसा मास्तर. बाय कशी हाय?’’

‘‘बरी आहे. तुमच्या पोराची चौकशी करते.’’

‘‘तिचंच खाल्लंय त्यानं. माझ्यापेक्षा तिलाच जास्त काळजी.’’

गौरव पुरवणीचं सांगितलं. चंद्रीचा चेहरा असा उजळला की मला कुडाकडे बघावं लागलं. तिनं आतून फोटो आणला. गणवेशातला, बदलापूरच्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला धबधबा. एवढा एकच आहे.

‘‘पेपरात येल?’’

‘‘येईल.’’

‘‘कवा येल?’’

मी म्हटलं, ‘‘घाई नाही.’’

सुकऱ्या हसून म्हणाला, ‘‘घाई कशी नाय? लावनीच्या अगोदर येऊं द्या. मंग चिखलात कोन पेपर बघतंय?’’

फोटोमागे पेन्सिलीनं नाव-गाव लिहिलं आणि पाकिटात घातला. मी आयुष्यात अनेक गोष्टी पाकिटात घातल्या आहेत. इतकं हलकं पाकीट इतकं जड कसं होतं, याचा कुठल्या शास्त्रात विचार झालेला दिसत नाही.


मंगळवार, ८ जून

क्रिकेटमध्ये पाकिस्तानला हरवलं. उल्हासनगरकडून इथवर फटाके ऐकू येत आहेत. त्या डोंगरावर आत्ता जो आवाज होत असेल त्याच्याशी याचा काहीच संबंध नाही, आणि उद्या पहिल्या पानावर दोन्ही शेजारी शेजारी असतील.

भात उरला. मंगळवारी कुंदाचा अंदाज नेहमी चुकतो. चार वर्षं चुकतोय. एरवी तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का.


शुक्रवार, ११ जून

घडलं तसं लिहून ठेवतो.

सकाळी स्टेशनसमोरच्या टपरीवर आमचाच पेपर उघडला. पहिलं पान, उजवीकडे काळी चौकट. ‘आणखी एका सुपुत्राचे बलिदान.’ खाली नाव कोकणातल्या एका जवानाचं. वर चेहरा बारकूचा. मागे तो धबधबा.

तिथूनच धर्मराजांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘एक मिनिट.’’ मग म्हणाले, ‘‘अरे.’’ रात्रपाळीला दोन पाकिटं एकत्र झाली होती.

रिक्षा करून बारवीच्या रस्त्यानं निघालो. शेवटचा चढ पायी. ओहोळापाशीच रडणं ऐकू आलं. देऊ दूधवाला सकाळी दूध घालून परतताना पेपर घेऊन आला होता. त्याला अक्षरं येत नाहीत. माणूस ओळखता येतो. काळ्या चौकटीचा अर्थ तर सगळ्यांनाच येतो.

मी खालूनच ओरडायला लागलो. ‘‘खोटं आहे! बारकू नाही तो!’’ पन्नाशीचा संस्कृत मास्तर धोतर सावरत ओरडत डोंगर चढतो आहे, हे दृश्य विनोदी असलं पाहिजे. कुणी हसलं नाही.

सुकऱ्यानं माझा सदरा धरला. ‘‘मंग त्येचा फोटू कशाला हाय?’’

‘‘चूक झाली. आमची चूक. नाव बघ, दुसऱ्याचं आहे.’’

‘‘वाचा.’’

वाचलं.

‘‘परत वाचा.’’

परत वाचलं. चंद्री कपाळ फोडून घेऊन बसली होती. रक्त भुवईवर सुकलं होतं. तिनं मान वर केली. ‘‘माझा नाय?’’

‘‘तुझा नाही.’’

मग भिकी म्हणून वाडीतली सर्वांत म्हातारी बाई आहे, ती एकदम हसायला लागली. ‘‘अगं खुले, रडतंस काय? कावला शिवला त आपुन काय करताव? मेल्याची खोटी बातमी धाडताव ना पावण्यांकडं? पावनी रडली का इघ्न टललं. पोराचा आयुष वाढला, आयुष! मास्तरांनी वाढवला!’’

आणि सगळी वाडी हसायला लागली. चंद्री उठली आणि माझ्या पाया पडली. मला वेळेत मागे सरकता आलं नाही. मग तिनं मला नाचणीची भाकरी वाढली. तिच्या कपाळावरचं रक्त तसंच होतं.

मी कुणालाच काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं की कावळा आणि आयुष्य यांचा संबंध काकतालीय आहे. पण ज्या चुकीची माफी मागायला गेलो होतो तिचं पुण्य पदरात बांधून परत आलो.

उतरताना सुचलं: कोकणातल्या त्या घरीही आज पेपर गेला असेल. त्या आईनं भलत्याच पोराचा चेहरा पाहून घटकाभर काय मानलं असेल?


रविवार, १३ जून

दिलगिरी छापून आली. पाचव्या पानावर, चार ओळी, ‘नजरचुकीने’. नजर चुकते आणि माफी मागते व्यवस्थापन.

मी स्तंभ लिहिला. मरणाची बातमी ही सोवळ्यात हाताळायची वस्तू आहे. आधी तिला सरकारचा हात लागावा, मग आप्तांचा, आणि सर्वांत शेवटी आमचा. मुलगा गेलेल्या बाईच्या तोंडापुढे माईकची काठी धरून ‘कसं वाटतंय?’ विचारणाऱ्या टीव्हीवाल्या पोरांना घरी आया नाहीत काय? आपण शत्रूला भीत नाही हे चांगलंच आहे. पण आपण आता कशालाच भीत नाही, हे मला भयंकर वाटतं. लोक मला जुनाट म्हणतात. सोवळं जुनाटच असतं. रोज धुवावं लागतं, एवढंच.

धर्मराज म्हणाले, ‘‘स्वतःच्याच पेपरात स्वतःच्या पेपराला झोडताय?’’

‘‘दुसरा पेपर मला छापत नाही.’’

छापला. हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. माणूस वाईट नाही.

कुंदाला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. ‘‘सोवळं मोडलं कुणी? फोटो कुणी आणला?’’

एवढंच म्हणाली आणि उमाकडे गेली. हल्ली फार तुटक बोलते. उकाडा आहे.

मी मात्र ठरवलं आहे. इतःपर शिक्क्याचा सरकारी कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाच्याही मरणाचं अवाक्षर माझ्या तोंडून निघणार नाही.


रविवार, २७ जून

चंद्री आली होती. डोक्यावर पाटी, पानांखाली जांभळं. अर्धी कुंदाला, अर्धी वेगळ्या पानात.

‘‘ही तुमच्या पेपरच्या सायबाला. त्यानंच छापलं ना?’’

‘‘अगं, त्यानं चूक केली.’’

‘‘व्हय व्हय. चांगली केली.’’ ती कुंदाकडे वळली. ‘‘बाय, त्याचं पत्र आलं. हा फोटूच्या नंतरचं हाय, देऊनं तारीख वाचून घेतली टपालवाल्याकडनं. बरा हाय म्हनतो. मास्तरांनी लय मोठा काम केला.’’

मी समजावायला तोंड उघडलं तेव्हा कुंदानं डोळ्यांनी गप्प केलं. मग त्या दोघी मागच्या दारी बसल्या आणि बराच वेळ हसत होत्या. बारकूनं एकदा कुंदाचं ताक ‘पावडरीचं’ म्हणून खाली ओतलं होतं, ती गोष्ट. ही मला ठाऊकच नव्हती. माझ्या घरात माझ्याआडून बरंच घडलेलं दिसतं.

जांभळं मुंबईला पाठवली. धर्मराजांचा फोन आला की गोड होती. कोणी पाठवली ते सांगितलं. मग म्हणाले, ‘‘मला ती गिळता आली नसती, मास्तर. तुम्ही आधी सांगायचं.’’


बुधवार, ७ जुलै

दुपारी फोन. ‘‘मास्तर, बसा.’’

‘‘उभाच बरा आहे.’’

‘‘या वेळी चूक नाही. सैन्याकडून आलंय. नाव, नंबर, गाव, सगळं जुळतं.’’

मी म्हटलं, ‘‘कागद?’’

‘‘तुमच्या तहसील कचेरीत तार गेली असेल.’’

‘‘कागद बघेपर्यंत छापू नका.’’

‘‘नाही छापत.’’ मग: ‘‘उद्या मात्र आईची प्रतिक्रिया लागेल. दीडशे शब्द. मला मागावीच लागते, मास्तर.’’

कचेरीत गेलो. तार होती. शिक्का होता. वाचली. मी ती पुन्हा वाचली, शिक्क्यातलं गावसुद्धा. माझी अट पूर्ण झाली होती.

तलाठी म्हणाला, ‘‘मास्तर, सकाळी तुम्हीही चला. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा.’’

घरी कुंदाला काही सांगितलं नाही. आधी आप्तांना कळायला हवं, असा मीच नियम केला आहे. तिनं पान वाढलं. मी जेवत नाही हे बघून तिनं ते उचललं, स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून विचारलं, ‘‘थंडी फार असेल का हो तिथं?’’

मी म्हटलं, ‘‘कुठं?’’

मी उठून दाराशी गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.


गुरुवार, ८ जुलै

कुंदा बरोबर आली. मी नको म्हटलं. ती चपला घालून रिक्षात जाऊन बसली.

वाडी रिकामी. सगळे खाली खाचरात लावणीला. आम्ही बांधावर थांबलो. तलाठ्यानं सुकऱ्याला बोलावलं. तो चिखलाच्या पायांनी आला, आमच्या तिघांकडे पाहिलं, शेवटी कुंदाकडे. कागद कुणी वाचला नाही. तो बांधावर खाली बसला आणि माती उकरायला लागला.

बायकांचे हात थांबले. भिकीनं हातातली रोपांची मूठ टाकली. एकटी चंद्री लावत होती. मग तिनंही वर पाहिलं.

‘‘काय मास्तर? परत छापलाव का?’’

मी म्हटलं, ‘‘चंद्रीबाय, छापलं नाही. सरकारचा कागद आहे.’’

‘‘सरकारचा?’’ ती हसली. ‘‘आता सरकार पन खोटी बातमी धाडाया लागलं? बेस झालं. मंग त लयच आयुष वाढल.’’

तलाठी म्हणाला, ‘‘बाई, खरं आहे. उद्या सकाळी गाडी येतेय. पेटी घेऊन.’’

‘‘येऊं द्या.’’

मी इतकी वर्षं शब्दांवर पोट भरतो. खऱ्या बातमीला खरं म्हणण्यासाठी माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. जो होता तो मी गेल्या महिन्यात या डोंगरावर ओरडून खर्च केला होता.

चंद्रीनं बायकांकडे पाहिलं. ‘‘उब्या काय ऱ्हायल्याव? रडा ना! पावनी रडली नाय त इघ्न कसं टलल?’’

आणि बायका रडल्या. काय रडल्या ते मी लिहिणार नाही. चंद्री त्यांच्यामधून फिरत होती, लग्नघरात वाढताना फिरतात तशी. भिकी चिखलात बसली होती, तिची हनुवटी तिनं वर उचलली. ‘‘आजे, तू त खऱ्यावानी रडतंस!’’ कुंदापाशी आली, तिचे दोन्ही हात धरले. ‘‘बाय पन आली रडाया. बघा, किती जीव हाय.’’

मग माझ्यासमोर उभी राहिली. मी रडत होतो हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

‘‘मास्तर, तुमी बेस रडताव.’’ लुगड्याच्या पदरानं तिनं माझा चेहरा पुसला. पदर ओला होता, चिखलाचा वास होता. ‘‘बास आता. येवढ्यात टललं.’’

घरी आल्यावर दीडशे शब्दांसाठी धर्मराजांचा निरोप दोनदा आला. पाठवले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

माझा चेहरा पुसून चंद्री पुन्हा खाचरात उतरली आणि लावायला लागली. भरभर, कुणाची वाट न बघता. सुकऱ्या उठला आणि तिच्या मागे गेला. ती लावत होती त्यातली कितीतरी रोपं उलटी रोवली जात होती, मुळं वर. तो एकेक उपटून सरळ लावत होता. दोघंही वाकलेली. आम्ही निघालो तेव्हा ती अर्ध्या खाचरापर्यंत पोचली होती, आणि तो तिच्या एक ओळ मागे.